देवळाच्या आश्रयातील अंकविद्या

श्रीकृपेने देवस्थानाची स्मरणिका प्रसिद्ध होत असताना तीत कोणता विषय मांडावा, असा प्रश्न प्रत्येक लेखकापुढे उभा राहतो. देवस्थानाचा इतिहास, जीर्णोद्धाराची हकीकत, पालखी व उत्सव यांची वर्णने अधिकारी व्यक्तींकडून येतातच. प्रस्तुत लेखकाचे शिक्षण लिसेंवातील आणि उपजीविका कारकुनाची. आयुष्याचा बहुतेक भाग आकड्यांच्या रकाने भरण्यात गेला. म्हणून देवस्थान आणि अंक यांचा संबंध हा विषय येथे घेतला आहे. हा संबंध वर्षअखेरच्या जमाखर्चापुरता आहे, असे पुष्कळांना वाटेल. वस्तुतः तो त्याहून कितीतरी प्राचीन आहे. आपल्या मुलांना शाळेत शून्य, एकम्, दहम्, शतम् शिकविले जाते आणि आर्यभट, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य ही नावे पाठ करून घेतली जातात. मात्र ते शून्य आणि ती नावे आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आली, हे सहसा कोणी सांगत नाही. ती वाट बऱ्याच अंशी देवळांच्या अंगणातून आलेली आहे.

प्रारंभ आपल्या शेजारापासूनच करू. लोंढा आणि खानापूर यांच्या मधल्या आपल्या गुंजी गावाच्याच तालुक्यात हलशी हे स्थान आहे. त्याचे प्राचीन नाव पलाशिका. बनवासीच्या कदंबांचे ताम्रपट येथे सापडले आणि पुढे गोव्याच्या कदंबांनीही येथे राज्यकारभार केला. हलशीच्या वराह-नरसिंहाच्या देवळात शिवचित्त पेर्माडी या गोवा कदंब राजाचा शिलालेख आहे. देवासाठी दिलेल्या दानाच्या या लेखात कालगणना शकाची नसून कलियुगाची आहे. गोव्याच्या कदंबांची ही खास रीत होती. लेखातील वर्ष आहे कलियुगाचे ४२७०, राजाच्या कारकिर्दीचे २३ वे आणि संवत्सर विरोधी. इसवी सनाच्या हिशेबाने हे ११६९ साल होय.

आता याच कलिवर्षांच्या मापाने आर्यभटाकडे पाहावे. आपल्या ग्रंथात त्याने स्वतःच्या वयाची नोंद मोठ्या खुबीने केली आहे. साठ वर्षांची साठ आवर्तने, म्हणजे कलियुगाची ३६०० वर्षे, लोटली तेव्हा त्याच्या वयाची २३ वर्षे पूर्ण झाली होती. ३६०० वे कलिवर्ष म्हणजे इ.स. ४९९, त्यातून २३ वजा केले की त्याचे जन्मसाल ४७६ हाती येते. हलशीच्या लेखातील ४२७० मधून आर्यभटाचे ३६०० वजा केले तर ६७० उरतात. ४९९ मध्ये ६७० मिळविले की बरोबर ११६९ येतात. वजाबाकी व बेरीज शिकलेल्या मुलास एवढा हिशेब सहज यावा. पण तो केल्यावर पाठ्यपुस्तकातील आर्यभट आणि आपल्या तालुक्यातील देवळाची शिळा या दोन गोष्टी एकाच सूत्रात ओवल्या जातात. इतिहासाचा पाठ असा शिकविला, तर सनावळीचा कंटाळा कोणास येईल?

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. आर्यभटाने शून्याचा शोध लावला, हे वाक्य भाषणांतून वारंवार ऐकू येते. त्याच्या ग्रंथात शून्याचे चिन्ह नाही. संख्या लिहिण्यासाठी त्याने अक्षरांची एक निराळीच योजना केली होती. मात्र एका स्थानाहून पुढचे स्थान दसपट, हा स्थानमूल्याचा नियम त्याने स्पष्ट सांगितला आहे. थोर पुरुषाचा गौरव त्याने जे केले त्यावरच उभा राहिला पाहिजे. जे केले नाही ते त्याच्या पदरी बांधल्याने त्याचा मान वाढत नाही आणि ऐकणाऱ्या मुलांची मात्र दिशाभूल होते.

स्थानमूल्य म्हणजे काय, हे समजण्यासाठी जुन्नरजवळच्या नाणेघाटात जावे. तेथील लेण्यात सातवाहनकाळचा, इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमाराचा मोठा लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाणी यांची त्यात गणती आहे. महाराष्ट्रातील अंकांचा हा फार जुना पुरावा होय. परंतु त्या लेखात दहासाठी एक चिन्ह, विसासाठी दुसरे, शंभरासाठी तिसरे, हजारासाठी चौथे अशी व्यवस्था आहे. २४,४०० ही संख्या तेथे आहे, पण ती आजच्याप्रमाणे पाच अंकांनी लिहिलेली नाही. मोठ्या चिन्हांची जोडणी करून ती दर्शविली आहे. शून्य तेथे नाही, कारण त्या पद्धतीस शून्याची गरजच नव्हती. अंकाने आपली जागा बदलली की त्याचे मोल बदलावे, ही कल्पना रुजल्यावरच रिकाम्या जागेसाठी खूण लागली. ती खूण म्हणजे शून्य.

हे शून्य सालासह कोरलेले भारतात स्पष्टपणे दिसते ते ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील चतुर्भुज विष्णूच्या लहानशा देवळात. लेखाचे साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. आग्नेय आशियात याहूनही जुना, शके ६०५ चा, शून्ययुक्त लेख सापडला आहे. तेव्हा सर्वांत प्राचीन शून्य आमचेच, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. पण ग्वाल्हेरचा लेख आपणा महाजनांना जवळचा वाटावा असा आहे. देवाच्या फुलांसाठी दिलेल्या बागेची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात आणि माळ्यांनी देवाला रोज ५० माळा द्याव्यात, असा तो करार आहे. २७० आणि ५० या दोन्ही आकड्यांच्या अखेरीस लहानसे वर्तुळ कोरलेले आहे. ते वर्तुळ पुसले गेले असते, तर देवाला पन्नासांऐवजी पाचच माळा मिळाल्या असत्या आणि बागेची २७ हातांवर बोळवण झाली असती. शून्य म्हणजे काहीच नाही, असे मुलांना सांगणाऱ्यांनी या माळा मोजून पाहाव्यात. सर्वांना वाचता यावा म्हणून दानाचा आकडा दगडात कोरीत असत. देवळातील आकडा हे लोकांसमक्ष दिलेले वचन होते, आणि वचनात संदिग्धता राहू नये म्हणून अंक निःसंदिग्ध असावा लागे.

शून्याशी व्यवहार कसा करावा, याचे नियम प्रथम पद्धतशीरपणे सांगितले ते ब्रह्मगुप्ताने. त्याचा जन्म ५९८ चा. भिल्लमाळ येथील या पंडिताने ६२८ साली ब्राह्मस्फुटसिद्धांत रचला. ज्यांनी जमाखर्च लिहिला आहे त्यांना त्याची परिभाषा लगेच आपलीशी वाटेल, कारण शून्याहून अधिक असलेल्या संख्येस तो धन म्हणतो आणि उण्या संख्येस ऋण. सारख्याच धनात सारखेच ऋण मिळविले की शून्य उरते. शून्यातून ऋण वजा केले की धन होते. सावकाराच्या वहीतील सत्यच त्याने गणिताचा सिद्धांत म्हणून मांडले. शून्याने भागण्याच्या बाबतीत मात्र त्याचे सर्व निर्णय आज मान्य नाहीत. त्याच्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष नृपतुंगाच्या काळी, महावीराचार्य या जैन पंडिताने गणितसारसंग्रह लिहिला. अमोघवर्षाची राजधानी मान्यखेट, म्हणजे आजच्या कर्नाटकातील मळखेड. शून्याने भागल्यास संख्या तशीच राहते, असे महावीराचार्य म्हणतात; तेही आज ग्राह्य नाही. भास्कराचार्यांनी अशा भागाकारास खहर असे नाव देऊन तो अनंत मानला आणि प्राणिमात्र ज्यात लीन होतात व ज्यातून पुन्हा प्रकटतात, तरी ज्यात उणेअधिक होत नाही, अशा अच्युत परमेश्वराची त्यास उपमा दिली. आजचे गणित शून्याने भागण्यास परवानगीच देत नाही. तीन आचार्यांनी शतकानुशतके एकाच प्रश्नाशी झुंज दिली, यातच विद्येची परंपरा दिसते. पूर्वजांचे प्रत्येक विधान अंतिम मानणे ही त्या परंपरेची रीत नव्हे.

आता भास्कराचार्यांकडे वळू. त्यांनी आपला जन्मशक अंकांत न देता शब्दांत दिला आहे. रस म्हणजे सहा, गुण म्हणजे तीन, पूर्ण म्हणजे शून्य आणि मही म्हणजे एक; हे अंक उजवीकडून डावीकडे मांडले की शके १०३६ मिळतो, म्हणजे इ.स. १११४. शून्यासाठी पूर्ण हा शब्द यावा, यात केवढा अर्थ भरलेला आहे! वयाच्या ३६ व्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धांतशिरोमणी हा ग्रंथ पुरा केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग. लीलावतीच्या आरंभी नाण्यांचे कोष्टक येते. २० वराटकांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. सोळा आण्यांचा रुपया, गोव्यातील सोळा तांगांची रुपी, वीस कुडवांची खंडी ही मापे ज्यांच्या घरात बोलली जात, त्यांना हे कोष्टक परके वाटणार नाही. त्याच ग्रंथात एकापासून परार्धापर्यंत दसपटीने वाढणाऱ्या १८ स्थानांची नावे आहेत. लीलावती ही आचार्यांची कन्या आणि घटिकापात्रात मोती पडून तिच्या विवाहाचा मुहूर्त टळला, ही कथा मात्र अकबराच्या आज्ञेवरून १५८७ साली फैजीने केलेल्या फारसी भाषांतरातून प्रसृत झाली. कथा मधुर आहे, पण ती कथा म्हणूनच सांगावी.

भास्कराचार्य आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड असे सांगतात. हे गाव कोणते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. कोणी ते विजापूर म्हणतात, कोणी बीड, कोणी चाळीसगावाजवळच्या पाटणचा परिसर. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजू आचार्यांवर हक्क सांगतात. ज्या काळी ते हयात होते, त्या काळी ही सीमा नव्हती. त्यांनी लिहिले संस्कृतात, आणि त्यांचा ग्रंथ कन्नड व मराठी अशा दोन्ही मुलखांत शिकला गेला. सीमाभागात राहणाऱ्या आपणांस एवढे कळले तरी पुरे.

पाटणचा उल्लेख आला, त्याचे कारण महत्त्वाचे आहे. तेथील देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. त्यात भास्कराचार्यांच्या घराण्याची वंशावळ येते. त्रिविक्रम, त्याचा पुत्र विद्यापती भास्करभट्ट, मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि महेश्वराचे पुत्र भास्कराचार्य. आचार्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेले आणि नातू चांगदेव हे सिंघण यादवाचे मुख्य ज्योतिषी झाले. या चांगदेवांनी आजोबांचे ग्रंथ शिकविले जावेत म्हणून पाटण येथे मठ स्थापन केला आणि निकुंभ घराण्यातील सोइदेवाने इ.स. १२०७ च्या श्रावणी पौर्णिमेस, चंद्रग्रहणाच्या पर्वकाळी, त्यास दान दिले. लेखाचा आरंभीचा भाग संस्कृत आहे, पण दान कशातून द्यावयाचे हे सांगताना भाषा मराठी होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील राजाच्या उत्पन्नातून मठाचा वाटा आणि चालत्या प्रत्येक तेलाच्या घाण्यामागे एकेक पळी तेल, अशा तरतुदी त्या मराठी भागात आहेत. संस्कृत पंडितांसाठी, आणि मराठी ज्यांनी ते द्यावयाचे त्या तेली-वाण्यांसाठी. गणिताची पाठशाळा राजाच्या एका देणगीवर न सोपविता गावाच्या पळी-पळी तेलावर उभी केलेली होती, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

हा लेख अभ्यासकांपुढे आणण्याचे श्रेय डॉ. भाऊ दाजी लाड यांचे. पेडणे महालातील मांद्रे या गावी जन्मलेला हा गोमंतकीय मुंबईस गेला, ग्रँट मेडिकल कॉलेजातून वैद्य झाला आणि रुग्णसेवा सांभाळून प्राचीन लेख व पोथ्या यांच्या शोधात रमला. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भट्टोत्पल आणि भास्कराचार्य यांचे काळ व ग्रंथ यांविषयीचा त्यांचा निबंध १८६५ साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आज शाळेतील मुले ही नावे ज्या कालक्रमाने शिकतात, तो निश्चित करण्यात या मांद्रेच्या पुत्राचा वाटा आहे. नाणेघाटातील अंकांचा अभ्यास करणारे पंडित भगवानलाल इंद्रजी हे त्यांचेच साहाय्यक. भाऊ दाजी १८७४ साली निवर्तले. गोमंतकीय महाजन कुटुंबांतील किती मुलांना हे नाव ठाऊक असेल?

अंक परदेशी कसे गेले, हे ज्यांनी पोर्तुगीजमधून अंकगणित शिकले त्यांना एका शब्दावरूनच उमगावे. पोर्तुगीजमध्ये अंकास आल्गारिज्मु म्हणतात. हा शब्द आला आहे अल्-ख्वारिझ्मी या नावावरून. नवव्या शतकात बगदादमध्ये या पंडिताने हिंदूंच्या अंकगणनेवर ग्रंथ लिहिला आणि बाराव्या शतकात तो लॅटिनमध्ये गेला. त्याही आधी, ६६२ साली, सेव्हेरस सेबोख्त या सीरियातील बिशपने हिंदूंच्या नऊ चिन्हांची वाखाणणी केली होती. शून्याचा अरबीत सिफ्र झाला, त्यापासून सिफ्रा आणि झेरु हे दोन्ही शब्द निघाले. इटलीतील फिबोनाचीने १२०२ साली आपल्या ग्रंथाने हे अंक व्यापाऱ्यांच्या हाती दिले. म्हणजे चांगदेवांचा मठ जेव्हा स्थापन होत होता, जवळजवळ त्याच वर्षांत युरोपातील व्यापारी हिंदूंचे अंक शिकू लागले होते. लिसेंवाच्या वर्गात जे अंक परके समजून गिरविले गेले, ते समुद्रपर्यटन करून माहेरी परतलेले होते.

आता थोडे आपल्या घरातील मुलांविषयी. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी म्हणून घेत. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. साडेतीन साता साडेचोवीस हे त्यात तोंडपाठ असे. औट हा शब्द अर्धचतुर्थ या संस्कृत शब्दापासून आला. चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. त्याच रीतीने अडीच म्हणजे अर्धतृतीय. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले आणि या पाढ्यांचा व्यवहारातील उपयोग सरला, हे खरे. पण अपूर्णांक तोंडी हाताळण्याची जी सवय त्यांनी लावली होती, तिची जागा अद्याप दुसऱ्या कशाने भरलेली दिसत नाही.

आपल्या भागातील मुलास आणखी एक अडचण असते. घरी तो एकवीस म्हणतो, म्हणजे आधी एक आणि मग वीस. कन्नड शाळेत इप्पत्तोंदु, म्हणजे आधी वीस आणि मग एक. इंग्रजीचा क्रमही कन्नडप्रमाणेच. पोर्तुगीजचाही तोच, विंति इ उं. मराठीत एकोणतीस म्हटले की तिसात एक उणा, हेही त्याला उमगावे लागते. २०१९ साली महाराष्ट्रात इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असे वाचन सुचविले गेले आणि त्यावर बराच वाद झाला. सीमाभागातील मूल तो वाद दररोज आपल्या डोक्यात सोडवीत असते. त्याला कोणी एवढेच सांगावे की नावे निराळी, क्रम निराळा, पण पाटीवर लिहिलेले २१ तेच. शिवाय देवनागरी आणि कन्नड या दोन्ही अंकमाला एकाच ब्राह्मी मुळाच्या शाखा आहेत. भाषेचा अभिमान बाळगावा; अंकाला मात्र कोणाशी वैर नाही.

हे सर्व सांगण्याचा हेतू केवळ स्मरणरंजनाचा नाही. देवस्थानांनी एके काळी विद्येला आश्रय दिला, असे आपण अभिमानाने म्हणतो. मग आज त्याचा पुरावा काय द्यावयाचा? मोठ्या पाठशाळेची योजना सर्वांना झेपेल असे नाही. परंतु दोन गोष्टी अल्प खर्चात साधतील. पहिली, देवस्थानाचा वार्षिक जमाखर्च मोठ्या अक्षरांत, देवनागरी व कन्नड अंकांत, मंडपात लावावा आणि उत्सवाच्या दिवशी महाजन कुटुंबांतील मुलांकडून तो मोठ्याने वाचून व बेरीज करून घ्यावा. मूल जमाखर्च वाचील, तेव्हा त्याला धन आणि ऋण कळेल. आणि वडीलधाऱ्यांचा हिशेब मुलांच्या बेरजेस उतरला पाहिजे, ही जाणीव सर्वांनाच हितकर ठरेल. दुसरी, मुलांची एक सहल हलशीस न्यावी आणि तेथील शिळेसमोर ४२७० मधून ३६०० वजा करावयास सांगावे.

चांगदेवांनी आजोबांच्या विद्येसाठी मठ उभारला आणि गावातील घाणेवाल्यांनी तिच्यासाठी पळीभर तेल दिले. राजाचे राज्य गेले, मठही उरला नाही, पण त्या पळीची नोंद आठशेहून अधिक वर्षांनी आजही वाचता येते. आपल्या देवस्थानाच्या वहीतही तशी एखादी नोंद पडावी, आणि ती वाचणारी मुले आपल्या घरांत असावीत, हीच श्रीचरणी नम्र प्रार्थना.